उशिराचे देणे

आपण कोणाचे काही बुडविले नाही, कोणास फसविले नाही, सरकारचा एक पैसाही आपल्याकडे निघत नाही. केवळ एक कागद ठरल्या दिवशी द्यावयाचा तो दिला नाही. एवढ्यावरून दंड भरावा लागणे न्यायाचे आहे काय? आणि तो दंड चुकविण्याकरिता एखादे निरुपद्रवी खोटे कारण पुढे केले, तर त्यात कोणाचे काय बिघडते? हे दोन प्रश्न वरवर पाहता लहान दिसतात. परंतु सिंदेवाहीस आमच्या दाराशी ते एका मनुष्याच्या तोंडून आले, तेव्हा त्यांचे उत्तर देणे आम्हांस वाटले तितके सोपे गेले नाही. म्हणून ती हकीकत व तीवरून सुचलेले विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

सिंदेवाहीजवळच्या एका गावी राहणारा हा गृहस्थ गवंडी आहे. तो लहानसहान बांधकामांचे ठेके घेतो व हाताखाली चारपाच माणसे ठेवितो. घरची दोन एकर धानाची शेतीही आहे. नोकरी नाही, तेव्हा पेन्शन नाही; हातपाय थकल्यावर काय, हा विचार त्याच्या मनात वेळीच आला, ही त्याची दूरदृष्टी म्हटली पाहिजे. सन २०१७-१८ मध्ये त्याने पोस्टात भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडले. ज्यास आपण पीपीएफ म्हणतो तेच हे खाते. १९६८ पासून चालत आलेली ही योजना नोकरी नसलेल्या मनुष्यासही खुली आहे. वर्षाकाठी निदान ५०० रुपये भरावयाचे, जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, आणि मुदत १५ वर्षांची. पहिली तीन वर्षे त्याने नीट भरणा केला. मग २०२० साल उजाडले, टाळेबंदी आली, बांधकामे थांबली, आणि भरणाही थांबला. टाळेबंदी उठली, कामे सुरू झाली, पण भरणा काही सुरू झाला नाही.

पुढे २०२४ च्या डिसेंबरात थोडी रक्कम काढण्याकरिता तो पोस्टात गेला. तेथे त्यास कळले की, चार वर्षे खंड पडल्यामुळे खाते बंद पडलेले समजले जाते, व ते पुन्हा चालू केल्याशिवाय त्यातून काही काढता येत नाही. चालू करावयाचे तर खंड पडलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० रुपये व त्यावर वर्षास ५० रुपये दंड, म्हणजे चार वर्षांचे २२०० रुपये, शिवाय चालू वर्षाचे ५०० भरावयाचे. त्याच आठवड्यात एका बँकेने कर्जासाठी त्याच्याकडे आयकराचे विवरण मागितले. त्या वर्षी त्याचे उत्पन्न सव्वाचार लाखांच्या आसपास होते. त्या वेळी तीन लाखांवर उत्पन्न गेले म्हणजे विवरण भरणे प्राप्त होते. परंतु सात लाखांपर्यंत सूट असल्यामुळे कर शून्य होता. विवरणाची मुदत ३१ जुलै २०२४ रोजी संपली होती. उशिरा भरावयाचे तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येत होते, पण १००० रुपये शुल्क देऊन. पोस्टाचे २०० व हे १००० मिळून १२०० रुपये, निव्वळ उशिराचे.

तो आमच्याकडे आला तो संतापलेला होता. “साहेब, म्या कोनाचा पैसा ठेवला नाही जी. मंग हा दंड कायचा?” असे तो म्हणाला. मग आवाज खाली करून त्याने येण्याचे खरे कारण सांगितले. जुलै महिन्यात हा मनुष्य तापाने अंथरुणास खिळला होता, अशा आशयाची चिठ्ठी आम्ही आपल्या सहीने द्यावी, म्हणजे दंड माफ होईल, असे त्यास कोणी तरी सांगितले होते. वास्तविक जुलैत तो आजारी नव्हता. सकाळी रोवणीवर व दुपारनंतर एका घराच्या पायाडावर आम्ही त्यास आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

प्रथम त्याच्या पहिल्या प्रश्नाचा विचार करू. जेथे कर नाही तेथे दोष कसला? आमच्या भागातील माणसास हे समजण्यास दूर जावयास नको. आपल्याकडे माजी मालगुजारी तलाव, ज्यांस लोक मामा तलाव म्हणतात, गावोगाव आहेत. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ सर्वांनी काढावयाचा असतो. एखाद्याने आपल्या वाट्याचा तुकडा चार दिवस उशिरा काढला, तर त्याने कोणाचे पाणी चोरले असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्याच्या खालच्या बांध्यांस पाणी चार दिवस उशिरा पोचते. कोट्यवधी लोकांचे हिशेब एका वेळी ठेवावयाचे असतात तेथेही असेच घडते. विवरण हा केवळ कर भरण्याचा कागद नव्हे. माझे उत्पन्न इतके, माझे देणे इतके, आणि देणे नसल्यास नाही, असे आपल्या तोंडाने सांगणे होय. कोणाकडे काही निघत नाही, हेही त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून उशीर हा लहान दोष असला तरी दोष आहे. तो चोरी नव्हे, पण दुसऱ्यास ताटकळत ठेवणे आहे.

तथापि आमच्या गवंड्याच्या संतापात काही तथ्यही होते, व ते झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या गावी मोबाइलला जाळे मिळविण्याकरिता उंचवट्यावर जावे लागते, तेथील मनुष्यास व शहरातील व्यापाऱ्यास एकच तारीख लागू आहे. त्या वर्षीची ३१ जुलै ही तारीख धानपट्टीत भर रोवणीत आली होती. विवरण भरून देणाऱ्यास पैसे द्यावे लागतात ते वेगळेच. दोष व अडचण यांत भेद केला पाहिजे, हे न्यायालयांनीही मानले आहे. १९६९ साली हिंदुस्थान स्टील कंपनीच्या ओडिशातील विक्रीकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कायद्याने अधिकार दिला आहे एवढ्यावरूनच दंड करू नये. जाणूनबुजून कायदा मोडला किंवा अप्रामाणिकपणा केला असेल तेथे दंड करावा, आणि केवळ तांत्रिक किंवा क्षुल्लक चूक असेल तेथे अधिकाऱ्यास तो न करण्याची मोकळीक आहे. १९८७ साली अनंतनाग येथील जमीन-संपादनाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, विलंबाचा विचार करताना अक्षरास चिकटून न बसता न्यायाकडे पाहावे, कारण उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नसतो.

मग या गवंड्यास कोणी कारण का विचारले नाही? येथे कायद्यात झालेला एक बदल समजून घेण्याजोगा आहे. पूर्वी १९६१ च्या आयकर कायद्यात उशिराने विवरण भरणाऱ्यास दंड करण्याचे कलम होते. तो दंड करावयाचा की नाही हे अधिकारी ठरवीत असे, व योग्य कारण दाखविल्यास दंड न करण्याची तरतूद होती. कर-निर्धारण वर्ष २०१८-१९ पासून त्या जागी शुल्क आले. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास ते १००० रुपयांहून अधिक नाही, व त्यावर उत्पन्न असल्यास सध्या ५००० पर्यंत आहे. हे शुल्क विवरणाबरोबरच भरावयाचे असते. कारण लिहावयास किंवा चिठ्ठी जोडावयास त्यात जागाच नाही. अशाच प्रकारचे एक शुल्क मूळ करकपातीच्या विवरणांस लागू आहे. त्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला की, हा दंड नव्हे. मुदत उलटल्यावरही विवरण देण्याची जी सोय मिळते व त्यामुळे जे काम वाढते, त्याबद्दलचे हे शुल्क आहे. आता १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा झाला असून १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. त्यामुळे कलमांचे आकडे बदलले, परंतु उशिराचे शुल्क हा प्रकार राहिला आहे.

या बदलाकडे दोन प्रकारे पाहता येते. कोणी म्हणेल, पूर्वी मनुष्य मनुष्याचे ऐकून घेत असे, आता यंत्र हिशेब करून मोकळे होते. ही कठोरता आहे. हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यात एक दया दडलेली आहे, ती आमच्या ध्यानात त्या गवंड्याच्या निमित्ताने आली. जेथे कारण विचारलेच जात नाही, तेथे खोटे कारण सांगण्याचा मोहही उरत नाही. कायदा त्यास लबाड म्हणत नाही, आळशी म्हणत नाही, त्याचे मन तपासीत नाही. तो इतकेच म्हणतो, तू उशिरा आलास, त्याची किंमत इतकी. ती ठेव आणि आत ये. देणे फेडले की मनुष्य ताठ मानेने उभा राहतो.

तेव्हा ही चिठ्ठी निरुपयोगी होती, हे आम्ही त्यास प्रथम सांगितले. परंतु खोटे उपयोगी पडणार नाही म्हणून ते बोलू नये, ही शिकवण अपुरी आहे. उद्या एखाद्या ठिकाणी ते उपयोगी पडले तर? समजा, आमच्या सहीने खरोखर १००० रुपये वाचले असते, तर आम्ही सही करावयास हवी होती काय? आम्ही कबूल करतो की, त्या क्षणी आमचे मन डळमळले. समोर उभा मनुष्य गरीब, रक्कम त्याच्या सुमारे एका दिवसाच्या कमाईची, ज्याचे नुकसान व्हावयाचे ते सरकार अफाट. एका ओळीत कोणाचे काय बिघडणार होते?

उत्तर आम्हांस दुसऱ्या एका घराकडे पाहून मिळाले. त्याच गावात एक बाई आहे. तिचा नवरा खरोखरच दोन वर्षे आजारी होता, व त्या काळात त्याच्या ठेक्यांच्या बिलातून कापलेला कर परत मिळावयाचा राहिला. अशा लोकांकरिता कायद्यात एक दार ठेवलेले आहे. खरी अडचण असेल, तर मुदत उलटल्यावरही परताव्याचा अर्ज ऐकून घेण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांस आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज करावयाचा असतो. त्या बाईस कोणाची तरी चिठ्ठी लागेल. ती चिठ्ठी खरी मानली जाणे हे याच्यावर अवलंबून आहे की, त्या गावातून, त्या हाताने, यापूर्वी खोटी चिठ्ठी गेलेली नाही. ताप नसलेल्याने तापाचे कारण सांगितले म्हणजे तो सरकारचे १००० रुपये घेतो असे नव्हे. तो ज्यास खरोखर ताप आहे त्याचा विश्वास खर्च करून टाकतो. हे आम्ही त्यास सांगितले. तो काही बोलला नाही; उठला, नमस्कार केला, आणि निघून गेला. पुढे पंधरा दिवस तो आमच्या दारावरून गेला तरी आत आला नाही.

या पंधरा दिवसांत अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाशी आमचे बोलणे झाले, आणि तिकडील रीत ऐकून आम्हांस नवल वाटले. तेथे जो मनुष्य एकट्याने आपला धंदा करतो, तो स्वतःपुरती निवृत्तीची योजना उघडू शकतो. त्या योजनेत वर्षअखेर अडीच लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली, तर दरवर्षी एक विवरण द्यावे लागते. योजनेचे वर्ष डिसेंबरात संपत असेल तर त्याची तारीख, योगायोग असा की, ३१ जुलैच. त्या विवरणावर कर काही नाही. परंतु ते द्यावयास उशीर झाला, तर २०१९ च्या कायद्याने दंड दिवसास २५० डॉलर, व एका विवरणास दीड लाख डॉलरांपर्यंत! आयुष्याची शिल्लक एका विसरलेल्या कागदापायी जावी, इतका हा दंड भारी. तथापि त्याच सरकारने २०१५ पासून एक कायमचे दार उघडे ठेविले आहे. दंडाची नोटीस येण्यापूर्वी जो आपण होऊन राहिलेली विवरणे आणून देतो, त्याने एका विवरणास ५०० डॉलर, व एका योजनेस सगळे मिळून १५०० हून अधिक नाही, इतके भरले की तो मोकळा. नोटीस आल्यावर मात्र ते दार बंद. मग योग्य कारण लिहून विनवावे व वाट पाहावी.

या दोन रकमांतील अंतर कशाचे आहे? चूक तीच, कागद तोच, उशीर तोच. अंतर इतकेच की, एक मनुष्य बोलावल्यावाचून आला व दुसरा पकडला जाईपर्यंत थांबला. उशीर झालेल्याने अधिक उशीर करू नये, हे शहाणपण आपल्याकडील नियमांतही आहे. डिसेंबरअखेरही विवरण राहिले, तर पुढे अद्ययावत विवरण देण्याची सोय २०२२ साली झाली, व २०२५ साली तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. परंतु कर निघत असेल तर पहिल्या वर्षी त्यावर शेकडा २५ जादा, आणि चौथ्या वर्षी ७०. शिवाय तिच्यातून परतावा मागता येत नाही. जो लाजेने घरी बसतो त्याची लाज दरवर्षी महाग होत जाते.

आता शेवटचा विचार. आम्ही वर सरकारविषयी बरेच बोललो. परंतु पोस्टातील ते ५० रुपये पाहा. वर्षास ५० रुपयांनी सरकारची तिजोरी भरत नाही. या उशिराचे खरे नुकसान कोणाचे झाले? चार वर्षे जी रक्कम पडली नाही, तिच्यावर जे व्याज चढले असते ते गेले. या खात्यात तर महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या पैशावर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. एका दिवसाच्या उशिराचीही तेथे नोंद होते. ज्यांस कर निघतो, व जे अशा बचतीबद्दल वजावट घेतात, त्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे की, मुदत उलटल्यावर विवरण भरणाऱ्यास जुनी कररीत निवडता येत नाही, आणि त्या रीतीबरोबर ती वजावटही त्या वर्षापुरती जाते. म्हणजे या उशिराचा सावकार सरकार नव्हे. तो एक म्हातारा मनुष्य आहे, जो अजून जन्मास आलेला नाही. वीस वर्षांनी त्याच घराच्या ओट्यावर तो बसलेला असेल, त्यास पायाडावर चढवणार नाही, आणि त्याचे नाव आमच्या गवंड्याचेच असेल.

असा म्हातारा आपल्या भागाने पाहिलेला आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुटपुंज्या शेतात निवड करीत करीत जे धान तयार केले, ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून देशभर गेले. त्या तांदळावर कितीकांनी पैसा मिळविला. परंतु दादाजींचे स्वतःचे दिवस टंचाईतच गेले. २०१८ साली ते वारले, त्यापूर्वी आजारपणात उपचाराच्या खर्चाचीही विवंचना होती. त्यांचा दोष होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्यास नोकरी नाही, मालक नाही, त्याच्या म्हातारपणाची तारीख दुसरा कोणी लिहून ठेवीत नाही, एवढेच आम्हांस त्यावरून दाखवावयाचे आहे. ती ज्याची त्याने लिहून ठेवावी लागते.

आणि येथे आम्हांस आपला स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. मुदत जुलैअखेर संपते हे आम्हांस ठाऊक होते. वर्तमानपत्रात आम्ही ते वाचले होते. रोवणीच्या दिवसांत त्या मनुष्यास आम्ही बांधावरून हाक मारली, पावसापाण्याची विचारपूस केली, आणि पुढे गेलो. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर १००० रुपये वाचले असते. डिसेंबरात खरे बोलण्याचा उपदेश करणारा मनुष्य जुलैत मुका होता. पोस्टातील खंडाचेही तसेच. पहिले वर्ष आपत्तीचे होते, त्याबद्दल त्यास कोण बोल लावील? पुढील तीन वर्षे मात्र विसराळूपणाची, आणि त्या विसराळूपणात त्याचे शेजारी म्हणून आम्हीही सामील होतो.

वर्षाच्या अखेरीस तो गवंडी पुन्हा आला. चिठ्ठीचे नाव त्याने काढले नाही व आम्हीही काढले नाही. त्याने खिशातून १००० रुपये भरल्याची पावती काढून दाखविली, आणि पोस्टात सोबत याल का, असे विचारले. आम्ही गेलो. २७०० रुपये भरून खाते चालू झाले. परत येताना तो म्हणाला, आता कोणी विचारले तर सांगता येते. आम्हांस वाटते, देणे फेडण्याचे फळ यापेक्षा वेगळे सांगता यावयाचे नाही.

त्यानंतर आमच्या येथे एक लहानशी रीत सुरू झाली आहे, ती इतर गावच्या शिक्षकांनी व उपदेशकांनी घ्यावी अशी आमची विनंती आहे. दर जून महिन्यात व दर मार्च महिन्यात, लोक एकत्र जमतात तेव्हा, फळ्यावर दोन ओळी लिहाव्या: विवरणाची तारीख कोणती, आणि पोस्टाचा व पेन्शनचा भरणा कधीपर्यंत. विवरणाची तारीख कधी कधी वाढविली जाते, म्हणून ती दरवर्षी विचारून घ्यावी. ज्यास अक्षर येत नाही त्याच्या घरी जाऊन ती सांगावी. ज्याचा खंड पडला असेल त्यास लाजवू नये. किती भरले म्हणजे मोकळे होता येते, हे त्यास सांगावे व सोबत जावे. ज्याची अडचण खरी असेल त्याची चिठ्ठी आपण आनंदाने लिहावी, आणि ती खरी मानली जावी म्हणून दुसरी कोणतीही लिहू नये.